कुंपणावरून आलेली बाटली

“अगो, हे जरा वाचून सांग. नातू म्हणतो, कच्च्या भाजीवर ओतायचं असतं. काकडीवर ओतायला बाटली कशाला लागते?”

पलीकडच्या काकींनी मेंदीच्या कुंपणावरून हात पुढे केला. हातात पांढऱ्या, घट्ट ऐवजाची अर्धी बाटली. वर हिरव्या पाल्याचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘सीझर’.

सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या आळीत कुंपणं बोलायला लागतात. आसनगावहून गाडी पकडणारे केव्हाच ठाण्या-दादरला पोचलेले असतात, पोरं शाळेत असतात, भात उतरलेला असतो. उरतात बायका आणि कोंबड्या, आणि दोघींच्याही तोंडाला विश्रांती नसते.

बाटली फार्महाऊसवाल्या मॅडमनी दिलेली. शहापूर-मुरबाडात हल्ली फार्महाऊसवाले ही एक वेगळीच जमात झालीय. शनिवारी गाडीभर सामान घेऊन येतात, रविवारी संध्याकाळी जाताना फ्रिजमध्ये उरलेलं सगळं राखणदाराला नाहीतर भाजीवाल्याला देऊन टाकतात. काकींचा मुलगा त्यांना काकडी, भेंडी आणि गावठी अंडी पोचवतो. पैसे मिळतात ते मिळतातच, वर अशा अर्धवट बाटल्या. काकींच्या मांडणीवर तांब्या-पितळेच्या शेजारी आता ‘थाउजंड आयलंड’ आहे, कसलीतरी मोहरीची चटणी आहे, आणि एक हिरवी बाटली ऑलिव्हच्या तेलाची. ती त्यांनी गुडघ्याला लावून संपवत आणलीय.

मी बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली. तेल, पाणी, साखर, व्हिनेगर, अंड्याचा बलक, मीठ, चीजची पूड. पुढे तीन आकडे.

“पाकिटावर जे लिहितात ना काकी, ते वजनाच्या क्रमानं लिहायचं असा सरकारी नियम आहे. जे सगळ्यांत जास्त, ते आधी.”

“म्हणजे पयलं तेल?”

“पहिलं तेल, मग पाणी, मग साखर.”

“मग सरळ तेलाची बाटली म्हणा की! पाल्याचं चित्र कशाला छापलंय?”

काकींची सून त्या दिवशी रजेवर होती. ती ओले केस पुसत बाहेर आली. ठाण्याला नोकरी, त्यामुळे या विषयातली आळीतली तज्ज्ञ तीच. “आई, ते फॅन्सी असतं. सीझर सॅलड. रोमचा राजा होता ना, त्याच्या नावाचं.”

रोमच्या राजाचा इथे काही संबंध नाही, हे मला सांगावंच लागलं. हा सीझर म्हणजे सीझर कार्डिनी, इटलीतून आलेला हॉटेलवाला. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात सरहद्द ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआना गावात लोक प्यायला जात, तिथे त्याचं हॉटेल होतं. 1924 च्या 4 जुलैला म्हणे इतकी गर्दी झाली, की स्वयंपाकघरातलं सामान संपलं. जे काय हाताशी होतं, पाला, अंडं, तेल, पावाचे तुकडे, ते एकत्र करून त्याने वाढलं आणि ते जगभर गेलं.

काकींना ही गोष्ट फारच आवडली. “म्हंजे घरात काय नव्हतं म्हणून केलेलं. मग तो आपल्यातलाच.”

सुनेचा प्रश्न वेगळा होता. ते तीन आकडे, 415, 211 आणि 202, म्हणजे विष का? तिच्या ऑफिसातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसं आलं होतं. विष नव्हे. 415 म्हणजे झँथन गम, ऐवज दाट राहावा म्हणून. 211 सोडियम बेंझोएट आणि 202 पोटॅशियम सॉर्बेट, बुरशी येऊ नये म्हणून. ठरलेल्या मर्यादेत घालायला परवानगी आहे. वाण्याकडे पुडीत मिळणारं लिंबूसत्त्व, ज्यावर अख्ख्या महाराष्ट्राचा ढोकळा फुगतो, त्याचाही आकडा आहे, 330. लोक आकड्यांना घाबरतात आणि शब्दांना सोडून देतात. घाबरायचंच असेल तर पहिल्या तीन नावांना घाबरावं. तिथे ‘तेल’ आणि ‘साखर’ दोन्ही बसलेले असतील, तर कोशिंबीर खाल्ल्याचं पुण्य तिथल्या तिथे वळतं होतं.

हिशोब साधा आहे. असल्या बाटल्यांतलंच मेयोनीज घ्या. खऱ्या मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात दहा ग्रॅमच्या आसपास तेल जातं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसभरात वरून घातलेलं तेल-तूप वीस ग्रॅम पुरे. दोन चमचे सँडविचला लावले की फोडणीला काय उरलं?

“आणि राबणाऱ्या बाईला?” काकींनी विचारलं.

“तिला थोडं जास्त चालतं.”

“मग मला चालतंय. हिला नको,” असं म्हणून त्यांनी सुनेकडे बघितलं आणि विषय पुढे गेला. सासू-सुनेच्या संसारात असा एखादा टोला दिवसाला लागतोच, त्याला काही मीठमसाला लागत नाही.

मेयोनीजवरून अर्थातच कोपऱ्यावरच्या घराची गोष्ट निघाली. त्यांच्याकडे धाकट्याच्या वाढदिवसाला चिकनचे रोल मागवले होते. कुठून ते सांगत नाही. पाऊस, त्यात दुपारपासून लाइट गेलेली. रोल रात्री खाल्ले आणि अख्खं घर पहाटेपर्यंत परसात ये-जा करत होतं. “कोंबडी शिळी असणार,” असा निकाल आळीने दिला. मला संशय त्यातल्या पांढऱ्या चटणीचा. कच्च्या अंड्याचं मेयोनीज उबेत राहिलं की त्यात साल्मोनेला वाढतात. केरळने जानेवारी 2023 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, तेलंगणाने 2024 मध्ये वर्षभरासाठी, तमिळनाडूने 2025 मध्ये. आपल्याकडे तर पावसाळ्यात एखादी फांदी तारांवर पडली की किन्हवली काय, डोळखांब काय, टोकावडे काय, तासन् तास अंधार. ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा’ असं बाटलीवर लिहिणाऱ्याला आपला फिडर माहीत नसतो. बिनअंड्याची बाटली जरा बरी, पण ती काही औषध नव्हे, तिच्यातही तेलच.

एवढ्यात सुनेने तिच्या मुलाची तक्रार मांडली. तो भाकरीलाही केचप लावून खातो. नाचणीच्या भाकरीला! काकींना हे ऐकतानासुद्धा लाज वाटली, म्हणून त्या उगाच कोंबडीला हाकलायला गेल्या. केचपच्या एका मोठ्या चमच्यात चहाच्या चमच्याएवढी साखर असते. पोरगा एका जेवणाला तीन-चार चमचे सहज संपवतो. चहात एवढी साखर घातली तर आजी ओरडेल, केचपमध्ये कुणाला दिसत नाही. आणि स्टँडसमोरच्या चायनीजच्या गाडीवर ते काळं पाणी फसाफसा शिंपडतात ना, सोया सॉस, त्याचा एक मोठा चमचा म्हणजे दोन ग्रॅमच्या वर मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हटलंय. गाडीवर पाच ग्रॅम मंचुरियन संपायच्या आत संपतं.

“बघ, सगळं बाहेरचंच वाईट,” काकी समाधानाने म्हणाल्या. “आपल्या बरणीत असलं काय नसतं.”

इथे मात्र मला गप्प बसवेना. शेजारधर्म आपल्या जागी.

“काकी, यंदा लोणच्याला किलोभर कैरीमागं मीठ किती घातलंत?”

“घातलं असेल पावणेदोनशे. कमी घातलं की बुरा येतो.”

पावणेदोनशे ग्रॅम मीठ, वर मसाला आणि तेल धरून बरणीत दीडएक किलो ऐवज. म्हणजे आठव्या-नवव्या हिश्शाला मीठ. मोठी फोड पंधरा ग्रॅमची धरली तर दीड ग्रॅमच्या वर मीठ एका फोडीत. काका जेवताना दोन फोडी घेतात, शिवाय भाजलेला पापड, शिवाय सुक्या बोंबलाची चटणी. काकांची ब्लडप्रेशरची गोळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून येते आणि त्या गोळीला रोज दुपारी बरणी हरवते. काकींना हे पटलं नाही. “लोणचं आमच्या आजेसासूनं नव्वद वर्सं खाल्लं,” एवढंच त्या म्हणाल्या. आजेसासू दिवसभर उन्हात लावणीला वाकलेली असायची आणि घामावाटे मीठ गाळायची, हे मी बोलले नाही. दिवंगत सासवांशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

माझं म्हणणं लोणचं टाका असं नाहीच. फोड अर्धी करा. आणि कोशिंबिरीत मीठ आधी घालू नका. हे मात्र काकींना माझ्याहून चांगलं ठाऊक. पावसाळी काकडी त्या किसत नाहीत, कोचवतात. डाव्या तळहातावर काकडी उभी धरायची, सुरीने वरून आडवेतिडवे चरे पाडत जायचं, आणि मग पातळ कापत आणायचं. बारीक, असमान, कुरकुरीत तुकडे पडतात. किसलं की पाणी सुटतं, मीठ लावून ठेवलं की आणखी सुटतं, मग ती पिळा, मग चव गेली म्हणून पुन्हा मीठ घाला. कोचवलेल्या काकडीवर पान वाढताना चिमूटभर मीठ भुरभुरलं तर ते वरच्या वर राहतं आणि जिभेला पुरेसं लागतं. त्यात लिंबू पिळलं की मिठाची निम्मी गरज संपते.

नेमकी तेव्हाच मागच्या आळीतल्या मास्तरीणबाई रस्त्याने चालल्या होत्या. त्या वजन उतरवताहेत. गाजर, बीट, काकडी, सगळं कोरडं. तेलाचा थेंब नाही, दाण्याचं कूट नाही, दहीसुद्धा नाही. मुलीने तालुक्याच्या जिममधून कागद आणलाय म्हणे. काकींनी त्यांना हाक मारून थांबवलंच. “मास्तरीणबाई, ही म्हणते बाटलीत सगळं तेल असतं!”

“मी म्हणूनच घेत नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

यावर मला त्यांनाही नाराज करावं लागलं. गाजरातला पिवळा-केशरी अंश, ज्यापासून शरीर जीवनसत्त्व अ बनवतं, तो तेलात विरघळणारा. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात लोकांना एकच सॅलड कधी बिनतेलाच्या ड्रेसिंगसोबत, कधी तेलाच्या ड्रेसिंगसोबत दिलं आणि मग त्यांचं रक्त तपासलं. 2004 मध्ये ते छापून आलं. बिनतेलाचं खाल्लं तेव्हा रक्तात हे अंश जवळजवळ आलेच नाहीत. म्हणजे गाजर चावण्याचे कष्ट झाले, पदरात काही पडलं नाही. कोशिंबिरीवर चमचाभर तुपाची जिऱ्या-हिंगाची फोडणी घालणाऱ्या बायकांनी कुठलं रक्त तपासलं नव्हतं, त्यांना ती चवीला बरी लागायची. पण ती फोडणी तिथे उगाच नाही. चमचाभर, पळीभर नव्हे. मास्तरीणबाई “बघते” म्हणाल्या आणि गेल्या. शिक्षकी पेशातला ‘बघते’ म्हणजे काय ते पालकांना विचारा.

मग राहतं काय? तेल हवं पण थोडं, आंबट हवं, मीठ कमी, साखर नको, फ्रिज नसला तरी चालेल असं. सुनेने हे सगळं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “असलं काही मॉलमध्ये मिळत नाही.” मॉलमध्ये नाही. तिच्याच सासूच्या डब्यात होतं.

काकींचं माहेर मुरबाडकडचं, धसईच्या पलीकडे डोंगराला लागून. तिकडे भातखाचरांच्या वर जी चढाची, दगडगोट्यांची वरकस जमीन असते, तिथे नाचणी, वरई आणि खुरासणी. दिवाळीच्या आसपास त्या उतारांवर खुरासणीची पिवळी फुलं येतात आणि मधमाश्या पडलेल्या असतात. तिचं बी म्हणजे कारळं. काळं, चकचकीत, अरुंद. पूर्वी घाण्यावर त्याचं तेल काढून घरोघर तेच वापरत. आता शेंगदाणा आणि सोयाबीनच्या पिशव्यांनी ते मागे पडलं, आणि खुरासणी पेरणारेही कमी झाले.

कारळ्यात साधारण तिसरा हिस्सा तेल, आणि त्यात मोठा वाटा लिनोलेइक आम्लाचा, जे शरीराला स्वतः करता येत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं. शिवाय प्रथिनं. हे पीक मूळचं इथिओपियाचं. तिथे आणि आपल्याकडे ते मुख्यतः पिकतं. आणि आपण परदेशी पाठवतो ते कारळं तिकडे माणसं खात नाहीत. अमेरिकेत ते अंगणात टांगलेल्या नळकांड्यांतून पिवळ्या चिमण्यांना घालतात. त्यासाठी आधी भट्टीत तापवून घेतात, सोबत आलेलं अमरवेलीचं बी तिकडे रुजू नये म्हणून.

“पाखरांना?” काकी अवाक झाल्या. मग थोड्या वेळाने, “पाखरं शहाणी.”

त्यांची चटणी अशी. लोखंडी तवा, मंद आच. कारळं कोरडंच टाकायचं आणि हात थांबवायचा नाही. आधी काही होत नाही, मग एकदम तडतड सुरू होते. ती ओसरायला लागली की लगेच खाली. तिथे फोन आला आणि दोन मिनिटं तवा तसाच राहिला, तर कडू. त्याच तव्यावर सुक्या मिरच्या आणि सालीसकट लसूण. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेल्या दगडी खलात आधी मिरची-लसूण, मग कारळं, आणि जाडसर कुटायचं. मिक्सरला लावलं तर तेल सुटून त्याचा गोळा होतो. मीठ शेवटी, आणि निम्मंच. कारळ्याला स्वतःची खमंग कडवट चव असते, तिला मीठ फार लागत नाही. कोरडी ठेवली तर पंधरा दिवस डब्यात राहते, लाइट असो नसो.

ती दोन चमचे, वाटीभर ताज्या दह्यात कालवायची, लिंबू पिळायचं, कोचवलेली काकडी, कांदा, असेल तर मुळा घालायचा. दिसायला पाटीवरच्या पुसलेल्या खडूसारखं राखाडी होतं, हा तिचा एकमेव दोष. फार्महाऊसवाल्या मॅडमना एकदा दिलं, तेव्हा त्यांनी रंग पाहून आधी वास घेतला. पुढच्या शनिवारी डबा घेऊन आल्या. आता मुलगा काकडीबरोबर चटणीही पोचवतो आणि तिचे पैसे वेगळे लावतो. बाटल्या मात्र येतच असतात.

सुनेला पांढरंच हवं होतं, पोराच्या सँडविचसाठी. त्यालाही उपाय काकींकडूनच निघाला. दही फडक्यात टांगून चक्का करायचा. मोहरी पाट्यावर थेंब थेंब पाण्याबरोबर फेसायची, नाकात झणका जाईपर्यंत. कोरड्या मोहरीला वास नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि तो तिखट झणका तयार होतो. गरम पाणी घातलं तर झणका येतच नाही. अर्धा चमचा फेसलेली मोहरी, वाटीभर चक्का, लिंबू, मिरपूड, चिमूट मीठ. म्हशीच्या दुधाचा चक्का काही संन्यासी नव्हे, त्यातही स्निग्धांश आहेच, पण मेयोनीजच्या मानाने कितीतरी कमी. पोराने पहिल्याच घासाला ओळखलं, “हे मेयो नाहीये.” मग त्यावर केचप मागितलं. अर्धा चमचा दिलं आणि त्याने खाल्लं. सुनेला वाटलं हरलो. मला वाटत नाही. चार चमच्यांचा अर्धा झाला, आणि सँडविचला काकडीही लागली.

आणखी एक गोष्ट काकींच्या बोलण्यात ओघाने आली, ती इथे सांगून टाकते. भातसा आणि तानसा ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या पाड्यांवर टँकर येतात. तेव्हा इथे कोथिंबीर सुकते, पालेभाजीचं नाव नसतं. त्या दोन महिन्यांत ताटाला आंबट-तिखट पुरवायचं काम रानाचं: कच्च्या करवंदांची चटणी, चिंचेचा कोळ, आणि पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं निघाली की त्यांची खाज मारायला काकडाची आंबट फळं. ठाकूर-कातकरी बायका हे सगळं टोपल्यांतून शहापूर-मुरबाडच्या बाजारात आणतात. कच्च्या करवंदाच्या चटणीत मिरची, लसूण आणि थोडं मीठ एवढंच. तेल नाही, साखर नाही. सॅलडवर घालायला याहून हलकं मी तरी चाखलेलं नाही. फक्त ती त्याच दिवशी संपवायची.

‘सीझर’ची बाटली शेवटी कुणाकडे गेली ते विचाराल, तर काकींनी ती टाकली नाही. टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. रविवारी उकडलेल्या बटाट्यांत तिचे दोन चमचे आणि दही अर्धं अर्धं मिसळून त्यांनी घरादाराला वाढलं, आणि ते बरं झालं होतं, मी खाल्लंय.

तुमच्याकडे कारळं संपलं असेल तर नवं पीक मार्गशीर्षाच्या सुमाराला येतं. सरळगावच्या किंवा मुरबाडच्या आठवडे बाजारात जमिनीवर फडकं टाकून बसलेल्या बाईकडे विचारा. तिथे कारळं म्हणून कळलं नाही तर खुरासणी म्हणा. चार दाणे तळहातावर चोळून वास घ्या. खवट आला तर जुनं आहे, पुढे चला. चांगलं असेल तर एकदम पाच किलो घेऊ नका, तेलाचं बी आहे, पावसाळ्यात राहत नाही. किलोभर घ्या, आणि भाव करू नका.